खासगी रोजनिशीलेखन : व्यक्तिगत लाभ, त्यांची कारणमीमांसा आणि मर्यादा

प्रस्तावना

माणूस दिवसभरात अनेकांशी बोलतो; परंतु त्यातील बहुतेक बोलणे ऐकणाऱ्याकडे पाहून बेतलेले असते. घरात वडीलधाऱ्यांसमोर, कार्यालयात वरिष्ठांसमोर, मित्रमंडळींत बरोबरीच्यांसमोर काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये याचेच भान त्याला अधिक ठेवावे लागते. हे भान सामाजिक जीवनासाठी आवश्यक असले, तरी त्यामुळे मनातील बराच भाग अव्यक्त राहतो. भीती, मत्सर, अपराधीपणा, निराशा किंवा एखादी लहानशी हौसदेखील सांगायला योग्य माणूस आणि योग्य वेळ मिळेलच असे नाही. खासगी रोजनिशी हे असे लेखन आहे की ज्यात लिहिणारा आणि वाचणारा एकच असतो. दुसऱ्याचे मत सांभाळण्याची गरज नसल्यामुळे तेथे मनुष्य स्वतःशी अधिक प्रामाणिक राहू शकतो.

रोजनिशी लिहिणे ही चांगली सवय आहे, असे शाळेपासून सांगितले जाते. मात्र ती चांगली का, तिचा नेमका उपयोग कोणता, तो सर्वांना सारखाच होतो का आणि कोणत्या परिस्थितीत होत नाही, या प्रश्नांचा विचार सहसा केला जात नाही. गेल्या सुमारे चार दशकांत मानसशास्त्रात या विषयावर प्रयोगाधारित संशोधन झाले आहे. त्याच्या आणि काही प्रसिद्ध रोजनिशींच्या आधारे खासगी रोजनिशीलेखनाचे व्यक्तिगत लाभ, त्यांची कारणे व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. रोजनिशीचे लाभ मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतात, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे. पहिली गोष्ट म्हणजे लेखनाचा खासगीपणा आणि दुसरी म्हणजे अनुभवाची कारणासह केलेली मांडणी.

रोजनिशी : संज्ञा आणि प्रकार

मराठीत या लेखनप्रकारासाठी रोजनिशी, दैनंदिनी, वासरी आणि डायरी हे शब्द रूढ आहेत. ‘वासर’ म्हणजे दिवस, त्यावरून वासरी. ‘रोजनिशी’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याच्या मुळाशी रोजच्या रोज लिहून ठेवण्याची क्रिया आहे. मराठी प्रदेशात या शब्दाचा आरंभीचा संबंध राज्यकारभाराशी दिसतो. शिवकालीन अष्टप्रधानांपैकी मंत्री, म्हणजेच वाकनीस, याच्याकडे राजाच्या दैनंदिन घडामोडींची नोंद ठेवण्याचे काम असे. पेशवे दप्तरातील रोजनिशींत हुकूम, नेमणुका, खर्च, इनामे यांच्या नोंदी आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून केलेल्या निवडीमुळे त्या इतिहासाभ्यासकांना उपलब्ध झाल्या. म्हणजेच मराठीतील रोजनिशी ही प्रथम दप्तराची व हिशेबाची वही होती. व्यक्तीच्या मनाची वही ती पुढे झाली.

आशयाच्या दृष्टीने रोजनिशीचे स्थूलमानाने तीन प्रकार मानता येतील. पहिला प्रकार नोंदवहीचा. त्यात भेटी, प्रवास, खर्च, हवामान, प्रकृती अशा बाह्य घटना असतात. दुसरा प्रकार साक्षीदाराचा. त्यात लेखक स्वतःपेक्षा आपल्या काळाची किंवा एखाद्या थोर व्यक्तीची नोंद ठेवतो. महात्मा गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी १९१७ पासून ठेवलेली दैनंदिनी या प्रकारची होय. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांचे निधन झाले आणि ती तेथेच थांबली. तिसरा प्रकार आत्मसंवादाचा. त्यात घटनेपेक्षा घटनेचा मनावर झालेला परिणाम महत्त्वाचा असतो. प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत मिसळतात. लोकमान्य टिळकांचे सहकारी, अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांनी दीर्घकाळ इंग्रजीत दैनंदिनी ठेवली. १९१०च्या डिसेंबरातील आणि १९११-१२ मधील त्यांच्या शिर्डीतील मुक्कामाच्या नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या. त्यांत उठण्याच्या वेळेपासून भेटीगाठींपर्यंतची साधी नोंद आणि मनाची अवस्था एकाच पानावर येते. प्रस्तुत विवेचन मुख्यतः तिसऱ्या प्रकारासंबंधी असले, तरी पहिल्या प्रकाराचा उपयोगही त्यात विचारात घेतला आहे.

वाचक नसण्याचे महत्त्व

रोजनिशीतील मजकूर कोणासाठी लिहिला जातो, यावर त्याचे स्वरूप ठरते. याची साक्ष प्रसिद्ध रोजनिशी देतात. लंडनच्या नौदल खात्यातील अधिकारी सॅम्युअल पेपीस याने १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ या काळात रोजनिशी लिहिली. १६६५ची प्लेगची साथ आणि १६६६ची लंडनमधील भीषण आग यांच्या वर्णनांमुळे ती इतिहासाचे साधन ठरली. परंतु तिचे मोल आणखी एका कारणासाठी आहे. आपला लोभ, आपली भीती, पत्नीशी केलेली प्रतारणा हे सर्व पेपीसने त्यात आडपडदा न ठेवता लिहिले. हे शक्य झाले ते त्याने वापरलेल्या लघुलिपीमुळे. डोळे अधू होतील या भीतीने त्याने हे लेखन थांबवले; त्याच्या हयातीत ते कोणापुढे आले नाही आणि १८२५ मध्ये त्यातील निवडक भाग प्रथमच छापला गेला. लिपीचे कुलूप नसते, तर पेपीसने स्वतःविषयी इतके खरे लिहिले असते असे मानणे कठीण आहे.

ॲन फ्रँकची डायरी या संदर्भात अधिक बोलकी आहे. तेराव्या वाढदिवशी, १२ जून १९४२ रोजी, तिला मिळालेल्या वहीत तिने लिहिण्यास सुरुवात केली. ‘किटी’ या कल्पित मैत्रिणीला उद्देशून ती लिहू लागली. अॅमस्टरडॅममध्ये लपून राहावे लागलेल्या कुटुंबात एकांत जवळजवळ नव्हता. तो तिने वहीत निर्माण केला. मार्च १९४४ मध्ये, युद्धकाळातील पत्रे व दैनंदिन्या जपून ठेवण्याचे आवाहन तिने रेडिओवर ऐकले आणि पुढे प्रकाशित करण्याच्या हेतूने आपल्या जुन्या मजकुराचे पुनर्लेखन सुरू केले. त्यामुळे तिच्या डायरीचे दोन पाठ निर्माण झाले. एक स्वतःसाठी लिहिलेला व दुसरा वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. दुसऱ्या पाठात तिने काही भाग गाळले, काही नीटनेटके केले. वाचकाची केवळ कल्पना मनात आल्याबरोबर लेखणी कशी सावध होते, हे यातून स्पष्ट होते.

याउलट उदाहरण मनू गांधी यांच्या दैनंदिनीचे आहे. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची शुश्रूषा करीत असताना, १९४३ मध्ये त्यांनी दैनंदिनी लिहावयास आरंभ केला. ही दैनंदिनी गांधीजी स्वतः वाचत व तिच्यावर स्वाक्षरी करीत. अशा लेखनाला शिस्त, शिक्षण व आत्मशुद्धीच्या साधनेचे मूल्य निश्चितच आहे. परंतु ते गुरू आणि शिष्या यांच्यातील लेखन आहे, एकांतातील नव्हे. शाळेत शिक्षकांनी तपासलेली रोजनिशी याच वर्गात येते. मुलांना लेखनाचा सराव त्यातून मिळतो. मात्र खासगी रोजनिशीतून मिळणारा मोकळेपणा त्यातून मिळेल अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरते.

शारीरिक व मानसिक स्वास्थ्यावरील परिणाम

भावनिक अनुभव लिहून काढण्याचा प्रकृतीवर परिणाम होतो काय, याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी केला. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. महाविद्यालयातील ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहिण्यास सांगण्यात आले. एका गटाने क्षुल्लक विषयांवर लिहिले. इतर गटांनी आयुष्यातील क्लेशदायक अनुभवांवर लिहिले. त्यांपैकी एकाने केवळ घटना, दुसऱ्याने केवळ भावना आणि तिसऱ्याने घटना व भावना दोन्ही मांडल्या. घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचा रक्तदाब लेखनानंतर लगेच तुलनेने वाढलेला व मन खिन्न झालेले आढळले. परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांना विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात तुलनेने कमी वेळा जावे लागले. म्हणजेच अशा लेखनाचा तात्काळ परिणाम सुखद असतोच असे नाही. त्याचा लाभ कालांतराने दिसतो.

पुढे जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दमा किंवा संधिवाताभ संधिशोथ असलेल्या ११२ रुग्णांपैकी काहींनी तीन दिवस रोज वीस मिनिटे आयुष्यातील अत्यंत तणावाच्या प्रसंगाविषयी लिहिले, तर उरलेल्यांनी दिवसाच्या नियोजनासारख्या तटस्थ विषयावर लिहिले. सर्वांचे नेहमीचे औषधोपचार सुरूच होते. चार महिन्यांनंतर पहिल्या गटातील सुमारे ४७ टक्के रुग्णांत वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी सुधारणा दिसली. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. हे निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी त्यांचा अर्थ संयमाने लावणे आवश्यक आहे. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा लाभ खरा परंतु आकाराने लहान असल्याचे दिसून आले. रोजनिशी हे औषध नव्हे. वेळ व कागद याखेरीज ज्याला खर्च नाही, असे ते एक पूरक साधन आहे आणि त्याच्याकडे त्याच दृष्टीने पाहणे युक्त होय.

लाभाची कारणमीमांसा

मनातील गोष्ट बाहेर पडली की मन हलके होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या समजुतीत तथ्य असले, तरी ते पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. केवळ बाहेर काढण्याने भागले असते, तर रोज तीच तक्रार लिहिणाऱ्याचे मनही हलके झाले असते. पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातील लेखनाच्या भाषेचे विश्लेषण करून १९९७ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ज्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कारण दर्शवणारे व उमज दर्शवणारे शब्द वाढत गेले, त्यांच्या प्रकृतीत अधिक सुधारणा झाली. मराठीत सांगायचे तर ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येते’ अशा शब्दांचे प्रमाण ज्यांच्या लेखनात वाढले, त्यांना लाभ अधिक झाला. याचा अर्थ असा की विस्कळीत अनुभवाला कथेसारखा आदि, मध्य व अंत प्राप्त होणे ही लाभामागील मुख्य प्रक्रिया असावी. मनात एकाच वेळी दहा विचार गर्दी करतात. लेखणीला मात्र एका वेळी एकच वाक्य लिहिता येते. या सक्तीमुळेच विचारांना क्रम लाभतो.

या क्रमाचा दुसरा परिणाम विचारशक्तीवर होतो. मनाची तात्पुरती स्मरणक्षमता मर्यादित असते. चिंता तिचा काही भाग अडवून ठेवते. किटी क्लाइन आणि अॅड्रिएल बोल्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेल्या ज्या विद्यार्थ्यांनी या बदलासंबंधीच्या आपल्या भावना लिहिल्या, त्यांची ही क्षमता काही आठवड्यांनंतर अधिक आढळली. हेरार्डो रामिरेझ आणि शॉन बायलॉक यांच्या २०११च्या अभ्यासात, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे परीक्षेची भीतीच कागदावर उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. परीक्षेचे दडपण घेऊन वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष व्यवहारात उपयोगी पडणारा आहे.

झोपेसंबंधीचा अनुभवही असाच आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढील दिवसांत करावयाच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी पार पडलेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर आली. अपुऱ्या राहिलेल्या कामाची आठवण ठेवण्याची जबाबदारी मनाने कागदावर सोपवली, असे याचे स्पष्टीकरण देता येते.

स्मरण आणि आत्मपरीक्षण

रोजनिशीचा आणखी एक लाभ स्मृतीशी संबंधित आहे. आपल्याला स्पष्ट आठवते म्हणून ते तसेच घडले असेल, असा माणसाचा समज असतो. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अवकाशयानाचा स्फोट झाला. ही बातमी आपण कोठे व कशी ऐकली, हे दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील काहींना तोच प्रश्न पुन्हा विचारला असता अनेकांची उत्तरे मूळ नोंदींपेक्षा पूर्णपणे वेगळी निघाली. तथापि आपल्या आठवणीविषयी त्यांना खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातील कागद समोर ठेवल्यानंतरही मूळ आठवण परत आली नाही.

या निष्कर्षाचा व्यक्तिगत जीवनाशी निकटचा संबंध आहे. जुन्या भांडणात कोण काय बोलले, नोकरी सोडण्याचा निर्णय कोणत्या कारणाने घेतला, आजारपणात नेमके कधी बरे वाटू लागले, याविषयीची आजची आठवण आजच्या मनःस्थितीने रंगलेली असते. त्या दिवशीची नोंद हा स्वतःविरुद्ध वापरता येणारा पुरावा असतो. ‘मला आधीपासूनच माहीत होते’ या सोयीस्कर भ्रमाला तो आळा घालतो. तसेच ‘माझे आयुष्य नेहमीच असे कष्टाचे होते’ या समजुतीलाही तो छेद देतो, कारण जुन्या पानांवर विसरलेले सुखाचे दिवस सापडतात. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वाखेनार यांनी सहा वर्षे रोज घटना नोंदवून सुमारे २४०० घटनांच्या आधारे स्वतःच्याच स्मृतीची परीक्षा घेतली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की केवळ तारखेवरून घटना आठवणे सर्वांत अवघड, तर काय घडले या तपशिलावरून आठवणे सर्वांत सोपे. म्हणूनच ‘आज फार वाईट गेला’ एवढ्या नोंदीपेक्षा काय घडले याचे दोन ओळींचे वर्णन पुढे अधिक उपयोगी पडते.

आत्मपरीक्षणासाठी रोजनिशीचा वापर फार प्राचीन आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली चिंतने प्रकाशनासाठी नव्हती. त्यांत तो स्वतःलाच ‘तू’ म्हणून बजावतो. स्वतःपासून असे अंतर राखून बोलल्यास भावनेचा दाह कमी होतो, असे ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही आढळले. मराठी वाचकाला ही पद्धती अपरिचित नाही. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांची संपूर्ण रचनाच मनाला उद्देशून केलेल्या उपदेशाची आहे. त्याचप्रमाणे अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा महाराष्ट्रात प्रसार करणाऱ्या कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे, घटना, घटनेविषयीची धारणा आणि तिचा परिणाम यांची वेगवेगळी नोंद करण्याची रीत मराठी अभ्यासकांना परिचित झाली आहे. ‘त्यांनी मला बोलावले नाही’ ही घटना. ‘मला कोणीच किंमत देत नाही’ ही धारणा. दिवसभर आलेला राग हा परिणाम. या तीन गोष्टी कागदावर वेगळ्या झाल्या की राग घटनेतून आला नसून धारणेतून आला, हे दिसू लागते.

मर्यादा आणि धोके

रोजनिशी सर्वांना व सर्वकाळ हितकारकच असते, असे मानणे योग्य नव्हे. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्या ९० व्यक्तींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. झालेल्या प्रसंगाचा सतत उगाळत विचार करण्याकडे ज्यांचा कल होता, त्यांना विभक्त होण्याविषयी खोलवर लिहिल्याने लाभ होण्याऐवजी त्रास झाला. साध्या दिनक्रमाविषयी लिहिणाऱ्या त्यांच्यासारख्याच व्यक्ती काही महिन्यांनंतर अधिक सावरलेल्या आढळल्या. चिंतन आणि चर्वण यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. चिंतनात विचार पुढे सरकतो. चर्वणात तो त्याच जागी फिरत राहतो. जुनी पाने चाळताना महिन्यामागून महिने तीच तक्रार त्याच शब्दांत आढळत असेल, तर लेखनाची पद्धत बदलणे किंवा काही काळ केवळ दिनक्रम लिहिणे श्रेयस्कर.

दुःखद घटनेनंतर लगेचच सविस्तर लिहिण्याची सक्ती स्वतःवर करू नये. लिहिताना मनाचा तोल ढळू लागला, तर लेखन थांबवावे. आत्महत्येचे विचार, दीर्घकाळची निद्रानाशाची तक्रार, कामात अजिबात लक्ष न लागणे अशा स्थितीत रोजनिशी हा उपचाराला पर्याय ठरू शकत नाही. तज्ज्ञांची मदत घेणेच आवश्यक असते. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

खासगीपणा टिकवण्याचा प्रश्न

रोजनिशीचा लाभ खासगीपणावर अवलंबून असल्यामुळे तो टिकवण्याचा प्रश्न गौण मानता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबात, एकाच कपाटावर सर्वांचा हक्क असलेल्या घरातील सुनेला किंवा चौघांच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला कुलपाचा कप्पा मिळतोच असे नाही. वही कोणाच्या हाती लागली, तर एकट्यापुरत्या लिहिलेल्या चार ओळींवरून घरात अविश्वास निर्माण होऊ शकतो, आणि लिहिणाऱ्याची लेखणी कायमची बंद होते. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर दाखवायला काय हरकत’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. मनात आलेला विचार म्हणजे केलेली कृती नव्हे, आणि रागाच्या भरात लिहिलेले वाक्य म्हणजे माणसाचे अंतिम मत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. हा अधिकार नागरिकाला प्रामुख्याने शासनसंस्थेविरुद्ध संरक्षण देतो. तथापि त्यामागील मूल्य घराच्या चार भिंतींतही जपले जाणे आवश्यक आहे. दुसऱ्याची वही न उघडणे ही साधी कौटुंबिक सभ्यता आहे आणि ती मुलांच्या बाबतीतही पाळली पाहिजे.

जेथे अशी हमी नाही, तेथे व्यवहार्य मार्ग उपलब्ध आहेत. लिहिलेले कागद फाडून टाकले, तरी लेखनाचा बराच लाभ पदरात पडतो. कारण विचारांची जुळणी लिहितानाच झालेली असते. स्मरणाचा लाभ मात्र त्यामुळे गमावावा लागतो. व्यक्तींची नावे न लिहिता खुणा वापरणे, मोडी येत असल्यास तिचा उपयोग करणे, हेही उपाय आहेत. मोबाइलवरील रोजनिशीला संकेतशब्द देता येतो; परंतु तो मजकूर कोठे साठवला जातो आणि फोन घरात किती जण हाताळतात, याचा विचार आधी करावा.

रोजनिशी कशी लिहावी

उपरोक्त विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना करता येतात. रोज लिहिलेच पाहिजे असा नियम आवश्यक नाही. संशोधनातील अनेक प्रयोग तीन-चार दिवसांचेच होते. पंधरा-वीस मिनिटांची वेळ पुरेशी आहे. शुद्धलेखन, अक्षर, भाषेचे सौंदर्य यांची चिंता करू नये. बोलीभाषेत विचार येत असतील, तर त्याच भाषेत लिहावे. प्रथम काय घडले ते लिहावे, नंतर काय वाटले ते आणि शेवटी तसे का वाटले असावे ते. एखादा प्रसंग फार जवळचा असेल, तर स्वतःला ‘तू’ म्हणून किंवा तृतीय पुरुषात लिहून पाहावे. उद्याच्या कामांची यादी अखेरीस लिहावी. काही महिन्यांनी एकदा मागील पाने वाचावीत. परंतु ती वाचताना जुन्या स्वतःचा न्यायनिवाडा करण्याचा मोह टाळावा. खंड पडल्यास अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. राहिलेले दिवस भरून काढण्याच्या प्रयत्नात अनेक वह्या कायमच्या बंद पडतात. त्याऐवजी आजच्या तारखेपासून पुन्हा आरंभ करावा.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. खासगी रोजनिशीलेखनामुळे प्रकृती, तात्पुरती स्मरणक्षमता आणि झोप यांबाबत लाभ होऊ शकतो. हा लाभ सरासरीने लहान, परंतु वास्तव आहे.

२. या लाभाचे मूळ केवळ भावना बाहेर पडण्यात नसून, अनुभवाला कारण व क्रम प्राप्त होण्यात आहे.

३. त्या दिवशीची नोंद ही स्मृतीच्या चुका दुरुस्त करणारे आणि आत्मपरीक्षणास आधार देणारे विश्वसनीय साधन होय.

४. एकच दुःख उगाळत राहणाऱ्यांना अशा लेखनाने त्रास होऊ शकतो. गंभीर मानसिक त्रासात ते उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

५. वाचक नसणे ही रोजनिशीतील प्रामाणिकपणाची पूर्वअट आहे. म्हणून ती लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी ती न वाचण्याची हमीही दिली पाहिजे.

राज्याच्या दप्तरात जमाखर्चासाठी ठेवली जाणारी रोजनिशी व्यक्तीच्या हाती आली, तेव्हा हिशेबाचा विषय बदलला. हिशेबाची गरज मात्र तीच राहिली. दिवसाच्या अखेरीस स्वतःला खरा हिशेब देता येणे आणि तो देताना कोणाचे भय न वाटणे, एवढे जरी एका साध्या वहीने साधले, तरी तिच्यावर खर्च केलेली पंधरा मिनिटे सार्थकी लागली असे म्हणता येईल.